संघ आपलाच

म्हैसूरच्या एखाद्या कॉलेजच्या मैदानावर, आपला फुटबॉल संघ हंगामभर पराभूत होत असतानाही, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत जागेवरून न उठणारा विद्यार्थी मला विजयोत्सवातील गर्दीहून अधिक आदरणीय वाटतो. संघ हरतो, पण संघ आपलाच असतो. राज्याच्या संघाचेही तसेच: म्हैसूर राज्याने 1968-69 च्या हंगामात फुटबॉलचा संतोष करंडक जिंकला. पुढचा करंडक याच राज्याला, कर्नाटक या नावाने, थेट 2023 साली रियाधमध्ये मिळाला. मधल्या काळात कित्येक प्रेक्षकांचे केस पिकले. तरी संघ आपलाच होता. निष्ठा म्हणजे खुशामत नव्हे. ढिसाळ बचावाला ढिसाळच म्हणावे, मात्र पोरांची हुर्यो उडवू नये. श्रोतेहो, आज सायंकाळी जवळपास सामना असेल, तर निकालाचा अदमास न घेता जा, आणि शेवटपर्यंत बसा.