खापराचा वर्ण

मुरबाडच्या बाजारात माठ घेताना बाया तो बोटाच्या पेराने वाजवतात. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला की खाली ठेवायचा. संगमनेरजवळ जोर्वे इथे १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खननात काढलेली तीन हजार वर्षांपूर्वीची खापरंही अशीच खणखणतात. आवाज पारखायची शिस्त आपल्याकडे आहे. रंगाच्या बाबतीत मात्र आपण बेशिस्त, आणि वर निकाल द्यायला उतावीळ.

नाणेघाटाच्या पायथ्याशी बांधावर लाल खापर दिसलं की ते लगेच सातवाहनांचं होतं. काळं दिसलं की 'असेल कुणा कातकऱ्याचं' म्हणून पायाने ढकललं जातं. भट्टीत हवा खेळती राहिली तर मातीतलं लोह लाल होतं. हवा कोंडली, धूर धरला, तर तीच माती काळी पडते. उपडं भाजलेलं भांडं आतून आणि काठाशी काळं, बाहेरून लाल निघतं. आता त्याची जात कोणती सांगायची?

आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्ये रंग लिहायची रीत मांडली: छटा कोणती, उजळ किती, भडक किती. उत्खननात वापरतात त्या पुस्तिकेत रंगाच्या तुकड्यांशेजारी भोकं असतात. पानामागे खापर धरायचं, जुळेल तो आकडा लिहायचा. ओलं खापर गडद दिसतं, म्हणून ते कोरडं होतं की ओलं हेही नोंदायचं. पिवळ्या दिव्याखाली तर मोजायचंच नाही. '२.५ वायआर ५/६' लिहिलं की पुण्यात आणि पेरूत लाल एकच. 'विटकरी' लिहिलं तर कुणाची वीट? शहापूरकडच्या एका भट्टीतून तरी एका रंगाच्या विटा कुठे निघतात!

दोन नजरांचे आकडे थोडे वेगळे येतात, हे खरं. पण आकडा लिहिणारा आपली चूक काढायची सोय दुसऱ्यासाठी ठेवून जातो. लग्नाच्या बायोडेटात 'गव्हाळ' लिहिणाऱ्या आपल्या समाजाला ही सवय जड जाणारच.

तेव्हा शेतात खापर दिसलं तर ते जागचं हलवू नका. शेत कोणतं, किती खोल, शेजारी काय होतं, ते लिहा आणि तहसील कचेरीत कळवा.

आणि शाळेत यावर बोलायला कुणाला बोलवायचंच असेल, तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या एखाद्या कातकरी बाईला बोलवा. भट्टीच्या कुठल्या अंगाची वीट काळी निघणार, हे ती आग पाहून सांगेल.