दान आणि परतफेड

दान प्रसन्न मनाने द्यावे, हे आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु दानाचे द्रव्य कोणाच्या श्रमातून आले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील जोसेफ एमर्सन ब्राऊन यांचे चरित्र हाच प्रश्न आपणांपुढे ठेवते.

ब्राऊन यांचा जन्म १८२१ साली साधारण शेतकऱ्याच्या घरी झाला. उद्योगशील स्वभावाच्या बळावर ते वकील झाले, आणि १८५७ पासून १८६५ पर्यंत जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर होते. पुढे आगगाडीच्या कंपनीचे अध्यक्षपद व कोळशाच्या खाणी यांच्या योगाने ते मोठे धनिक झाले. १८८० ते १८९१ पर्यंत ते सेनेटर होते.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. तथापि गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीने राबविण्याची मोकळीक त्याच कायद्यात राहिली. जॉर्जिया सरकार आपले कैदी मक्त्याने देई. त्यांत बहुतेक कृष्णवर्णी असत. असे कैदी ब्राऊन यांच्या खाणींत मजुरीवाचून राबत. गुलाम मेला तर धन्याचे नुकसान होई. मक्त्याच्या कैद्याविषयी तेवढीही काळजी उरली नाही.

१८८० साली लुईव्हिल येथील बाप्टिस्ट सेमिनरी द्रव्याभावी बुडण्याच्या बेतात होती. ब्राऊन स्वतः बाप्टिस्ट होते. त्यांनी ५०,००० डॉलर दिले व ती संस्था तरली. तेथील एका अध्यासनाला त्यांचे नाव मिळाले.

कोणी म्हणेल, त्या पैशाने पाळक तयार झाले, मग वाईट काय झाले? वाचकहो, जक्कयाची गोष्ट आठवा. त्याने अर्धे द्रव्य गरिबांस देऊ केले; पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ज्यांचे अन्यायाने घेतले होते, त्यांस चौपट परत करण्याचे त्याने वेगळे वचन दिले. दान निराळे, परतफेड निराळी. सेमिनरीस मिळालेल्या देणगीने खाणीतील मजुराचे देणे फिटत नाही. घेणाराही विचारपूस न करील, तर तो त्या लाभाचा वाटेकरी होतो.

२०१८ साली त्या सेमिनरीने स्वतःच हा इतिहास छापून कबूल केला, व २०२० साली ब्राऊन यांच्या नावाचे अध्यासन बंद केले. कबुली उशिरा झाली, तरी ती चांगलीच. परंतु ज्यांची मजुरी बुडाली, ते केव्हाच मातीआड गेले होते.

म्हणून कापणीच्या सणास आपली पायली अर्पण करण्यापूर्वी प्रत्येकाने पाहावे, की शेतात राबलेल्या मजुराची मजुरी चुकती झाली आहे काय? ती अगोदर त्याच्या हाती द्यावी, मग आपले दान आणावे.