वल्हांडणाच्या पानावरची गोष्ट



पवित्र गुरुवारच्या मिस्सामध्ये पहिले वाचन निर्गमच्या १२व्या अध्यायातून होते. कोकरू, दाराच्या चौकटीला लावलेले रक्त, बेखमीर भाकर, कंबर कसून उरकलेले जेवण. आपण ते जुन्या करारातली गोष्ट म्हणून ऐकतो. यहुदी घरात मात्र ती गोष्ट आजही जेवणाच्या पानावर सांगितली जाते.

अशी घरे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. अलिबागच्या बाजूला तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणजेच बेने इस्राएल. भाषा आपलीच, मराठी. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते. तरी या सणात ते आंबट रसाचे मडके आठ दिवस झाकून ठेवीत. सणाचे नावही त्यावरूनच पडले, ‘अनशी ढाकाचा सण’. कारण विसरले होते, झाकण विसरले नव्हते! पुढे १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात या जेवणाचे पुस्तक, ‘हग्गादा’, हिब्रूसोबत मराठीत छापले गेले. पुण्याच्या प्रतीत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत.

या जेवणात घरातले धाकटे मूल विचारते, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? उत्तरात वडील ‘ते लोक’ म्हणत नाहीत, ‘आम्ही’ म्हणतात. आम्ही फारोचे गुलाम होतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘काळ’ या विषयावर आम्ही जाडजूड ग्रंथ वाचले. या एका सर्वनामाने जे कळते ते त्यांतून कळले नव्हते. पुस्तकात चार मुलगे आहेत. त्यातला एक विचारतो, हे सगळे तुमचे काय चालले आहे? ‘तुमचे’ म्हणून तो स्वतःला बाजूला काढतो. त्याला दुष्ट म्हटले आहे. आम्हाला तो दुष्टापेक्षा लाजलेला वाटतो.

असे लाजलेले मुलगे आपल्या धर्मग्रामातही आहेत. आजोबा गावकुसाबाहेर राहिले, वाड्यावर राबले; आजीने १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. नातू पुण्याला नोकरीला लागला की हे बोलणे बंद होते. पाहुण्यांसमोर तर नकोच. प्रभू येशूने मात्र आपले शेवटचे भोजन गुलामांच्या आठवणीच्या सणात केले आणि त्याच भाकरीवर ‘माझी आठवण करा’ असे सांगितले. (योहानाच्या शुभवर्तमानात दिवसाचा हिशेब वेगळा लागतो, पण सण तोच.)

आणखी एक गोष्ट. मिसरावरच्या दहा पीडांची नावे घेताना प्याल्यातून दर पीडेला एक थेंब काढून टाकतात. शत्रू बुडाला तरी तोही माणूसच, म्हणून आनंदाचा प्याला तेवढा कमी. आपणही वाड्याची गोष्ट सांगताना हे लक्षात ठेवावे. त्या पाटलाचा पणतू आपल्या मुलांच्याच वर्गात बसतो.

काही ठिकाणी ख्रिस्ती लोक हौसेने या जेवणाची नक्कल करतात. ते आम्हाला पटत नाही. तो विधी त्यांचा आहे, आणि आजचे त्याचे रूप बरेचसे इ. स. ७० मध्ये मंदिर पडल्यानंतर घडले. आपल्याला ख्रिस्तप्रसाद दिलेला आहे.

पवित्र गुरुवारी मिस्सानंतर घरी टीव्ही बंद ठेवून एकत्र जेवावे. धाकट्याने थोरल्यांना विचारावे, आपण कुठून आलो? आजीला कमी ऐकू येत असेल तर दोनदा विचारावे.