पावसाळी दिवस आणि आपला हक्क

पावसावर रागावणें यांत नीतीचा कांहीं प्रश्न आहे काय? आपल्या रागानें पाऊस थांबत नाहीं आणि त्याला दुःखही होत नाहीं. मग दोष तो कसला, असें वाचक विचारतील. मीही तसेंच म्हणत असें. परंतु गेल्या आषाढांत भंडारदऱ्यास काढलेल्या एका दिवसानें माझी ही खात्री डळमळली.

नॉर्वेंतील फ्योर्डांचीं चित्रें पाहून आमच्या मुलांना त्या देशाची ओढ लागली होती. उंच कड्यांच्या मधून समुद्राचें पाणी कोसच्या कोस आंत शिरलेलें. सोग्ने नांवाचा फ्योर्ड तर २०० किलोमीटरांहून लांब. इतक्या दूर जाणें आमच्या ऐपतीबाहेरचें, म्हणून मीं मंडळींना पाथरीहून भंडारदऱ्यास नेलें. दोहोंचें साम्य डोळ्यांपुरतेंच. तिकडील दऱ्या हिमनद्यांनीं कोरल्या आणि समुद्रानें भरल्या. इकडील दरी प्रवरेनें कोरली आणि १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या धरणानें भरली.

दिवसभर पावसानें डोकें वर काढूं दिलें नाहीं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १६४६ मीटरांचें कळसूबाईचें शिखर समोर असून दिसेना. रतनगड दिसेना. घाटघरच्या कड्यावरून कोंकण पाहावें, तर पुढें पांढऱ्या धुक्याची भिंत! "दिवस फुकट गेला," असें मीं त्राग्यानें म्हटलें. कड्याकड्यांवरून कोसळणाऱ्या धारांकडे पाहत आमच्या कुटुंबानें शांतपणें विचारलें, "अहो, पाऊस नसता तर हे धबधबे तरी कोठून दिसले असते? आणि आपल्या शेताला पाणी तरी कोठून आलें असतें?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. बर्गेनसारख्या गांवीं वर्षांत २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथेंही प्रवासी ढगांकडे पाहून हळहळत असतील. पण ज्या धबधब्यांसाठीं ते येतात ते त्या ढगांचेच, आणि त्या देशाची बहुतेक सारी वीज त्याच पडत्या पाण्याची.

दुसरा प्रश्न मात्र मनांत रुतला. रतनगडावर पडलेलें पाणी प्रवरेतून नेवाशावरून प्रवरासंगमास गोदावरीला मिळतें. तेथून तें पैठणच्या नाथसागरांत येतें, आणि १९७६ सालीं उद्घाटन झालेल्या त्या जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा तें आमच्या पाथरीच्या रानांत आणतो. सारेंच येतें असें नव्हे. वाटेंत नगरकडील शेतें आपला वाटा घेतात. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ सालीं झाला, तरी दुष्काळाच्या वर्षीं वरच्यांनीं खालीं किती सोडावें हा तंटा पेटतोच. त्या तंट्यांत आम्ही मराठवाड्याचे लोक मोठ्या आवेशानें विचारतों, "पाणी ज्याच्या अंगणांत पडलें त्याचेंच कसें?"

प्रश्न न्याय्य आहे. परंतु "दिवस फुकट गेला" म्हणणारा मी तरी दुसरें काय म्हणत होतों? जें माझ्या पुढ्यांत येईल तें माझ्या सोयीनेंच यावें, हाच त्या त्राग्याचा अर्थ. पावसाला त्यानें इजा होत नाहीं हें खरें. पण ती वृत्ति पावसापाशीं थांबत नाहीं. माझें शेत चारीच्या तोंडाशीं आहे. उन्हाळी पाणीपाळीच्या वेळीं माझा गडी ठरल्यापेक्षां घटकाभर अधिक पाणी घेतो, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचे वाफे कोरडे राहतात. हें मला ठाऊक असतें. मी विचारीत नाहीं, एवढाच माझा साळसूदपणा.

कृतज्ञता ही नुसती मनांत उमटून भागत नाहीं. धबधब्यापुढें डोळे मिटून उभें राहणें सोपें आहे. चारीचें दार वेळेवर लावणें कठीण. परत आल्यावर मीं गड्याला तशी ताकीद दिली. तो "होय" म्हणाला खरा. पण येत्या पाणीपाळीस रात्रीं कंदील घेऊन मला स्वतःच बांधावर जावें लागेल, असें दिसतें.