ठरलेला निकाल आणि मताचें मोल

ज्या मतदारसंघांत एकाच पक्षाचा विजय ठरलेला असतो, तेथें मत देणें हें कर्तव्य होय, कीं केवळ उपचार? इंग्लंडांत एकाच हिंवाळ्यांत झालेल्या दोन पोटनिवडणुकींवरून हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

साउथएंड वेस्टचे हुजूरपक्षीय सभासद सर डेव्हिड अ‍ॅमेस यांचा ता. १५ ऑक्टोबर २०२१ रोजीं, मतदारांची गाऱ्हाणीं ऐकत असतां, खून झाला. त्यांच्या स्मृतीस मान देण्यासाठीं इतर प्रमुख पक्षांनीं उमेदवारच उभे केले नाहींत. ता. ३ फेब्रुवारी २०२२ रोजीं हुजूर पक्षास शेंकडा ८६ मतें पडलीं. परंतु मतदानास आले ते शेंकडा अवघे २४, आणि हजाराहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या.

मारेकऱ्याच्या सुरीनें लोकांचा प्रतिनिधि बदलूं नये, ही विरोधकांची भावना सज्जनांस शोभणारीच होती. तथापि त्यांनीं जी वस्तु सोडून दिली, ती त्यांच्या मालकीची होती काय? निवड करण्याचा अधिकार मतदारांचा. पक्ष जें औदार्य दाखवितो, त्याची किंमत मतदार देतो. दुसऱ्याच्या ठेवींतून केलेलें दान कितीहि सद्धेतूचें असलें, तरी तें निर्दोष म्हणतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘२०१९ सालीं तेथें हुजूर पक्षाचें मताधिक्य १४,४५९ होतें, मग मतदारांचें गेलें काय?’ याचें उत्तर नॉर्थ श्रॉपशायरनें आधींच देऊन ठेविलें होतें. तेथील मताधिक्य तर २२,९४९ होतें. परंतु मोबदला घेऊन कंपन्यांची तरफदारी केल्याचा ठपका पार्लमेंटच्या समितीनें ठेवल्यानंतर तेथील सभासदानें राजीनामा दिला, आणि ता. १६ डिसेंबर २०२१ रोजीं, पूर्वीं तिसऱ्या क्रमांकावर असलेला लिबरल डेमोक्रॅट पक्ष ५,९२५ मतांनीं निवडून आला. पुढें २०२४ सालीं, सीमा बदललेल्या साउथएंडच्या त्या भागांतहि मजूर पक्ष विजयी झाला.

तात्पर्य, सुरक्षितपणा हा जागेच्या अंगचा गुण नव्हे. ती मतदारांची संवय आहे, आणि संवय सोडण्याची मोकळीक हेंच स्वातंत्र्य. शिवाय मत हें केवळ जिंकण्याचें साधन नसून ती साक्षहि आहे. खटल्याचा निकाल उघड दिसतो म्हणून सत्य जाणणाऱ्यानें साक्ष देण्याचें टाळावें, असें आपण म्हणत नाहीं.

शोकाच्या प्रसंगीं मौन धरणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु जो गृहस्थ लोकांचें ऐकून घेतांना मेला, त्याच्या स्मृतीस लोकांना बोलूं देण्याहून मोठा मान कोणता?