माळ रिकामा नाही

वैशाखात सुप्याच्या माळावर उभे राहिले तर प्रथम डोळ्यांत भरते ते काहीच नसणे. गवत वाळून पांढरे पडलेले, मुरूम तापलेला, मध्येच एखादी रुई तेवढी हिरवी. माउली, त्या रुईपाशी घटकाभर थांबावे. बिबळ्या कडवा नावाचे नारिंगी फुलपाखरू येते, पानावर पाय टेकते आणि पायांनीच चव घेऊन अंडे घालायचे की नाही ते ठरवते. ज्या चिकापासून गुरे दूर राहतात, तोच त्याच्या अळीचा घास. चिकातले विष अंगात मुरते, म्हणून पाखरे त्याला टाळतात. दुसऱ्याच एका जातीची मादी, जिची अळी साधी घोळ खाते, हुबेहूब त्याचेच रूप घेऊन निर्धास्त फिरते. (नुसत्या माळेवर मान मिळवणारे आपल्यातही असतात, ते असो.)

खाली उघड्या मातीत पखुर्डी अंडी घालते. नर दूरच्या पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून पिल्लांना पाणी आणतो. धाविकाला, चंडोलाला झाडी नकोच, आखूड गवत हवे.

अशा माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात, आणि आपण भक्तिभावाने तिथे खड्डे घेऊन रोपे लावतो. सावली दाट झाली की गवत जाते, गवताबरोबर ही वस्तीही उठते. मग ते पुण्य कोणाच्या खात्यावर?

हेतू शुद्ध होता, असे उत्तर येईल. ते आपल्यापुरते खरे; पखुर्डीला त्याचा उपयोग नाही. कोणी म्हणेल, नांगराखालीही जीव मरतात, मग शेतीच सोडायची काय? नांगर पोटासाठी चालतो, तिथे इलाज नाही. वृक्षारोपण आपण हौसेने करतो, आणि हौसेच्या कामात आधी पाहायला सवड असते. भूतमात्रात पांडुरंग आहे असे म्हणणाऱ्याने त्या भुतांची ओळखच करून घेतली नाही, तर त्याची दया स्वतःच्या समाधानापुरती उरते.

वड, पिंपळ, कडुनिंब लावायला पालखीच्या वाटेची कड आहे, देवळाचे आवार आहे, गावठाण आहे. यंदा रोपे घेऊन निघणाऱ्या दिंडीने त्या माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगरदादाला आधी विचारावे. पखुर्डी कुठे बसते, ते तो बोटाने दाखवील.