वाचणाऱ्याचा हक्क

लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर नसतात, म्हणून लेखनाला व्याकरण लागते. बोलताना आवाजाचा चढउतार असतो, हातवारे असतात. ऐकणाऱ्याला कळले नाही तर तो तिथल्या तिथे ‘म्हणजे कोण?’ असे विचारतो. कागदावरच्या मजकुराला काही विचारता येत नाही. तिथे विभक्ती, लिंग-वचन, शब्दांची जागा आणि विरामचिन्हे यांनाच आवाजाचे काम करावे लागते. लिहिणाऱ्याने ते टाळले की अर्थ जुळवण्याचे कष्ट वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतात.

मोडी लिपीत शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती, विरामचिन्हे नव्हती, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. तरी दफ्तरांचा कारभार चालला, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्याच वळणात तयार झालेले असत. छापखाने आले, मजकूर अनोळखी माणसांच्या हाती जाऊ लागला, तेव्हा एवढ्यावर भागेना. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे नियम मुख्यतः अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाचे आहेत. वेलांट्या-उकार तपासले की लेखन शुद्ध झाले, ही समजूत तिथूनच पसरली असावी. ती अपुरी आहे.

चोरीची एखादी बातमी घ्यावी. ‘त्याच्या घरात’ आणि ‘त्यांच्या घरात’ यांत फरक एका टिंबाचा. पण बातमीत एक संशयित आणि तक्रार देणारे दांपत्य असेल, तर मुद्देमाल कोणाच्या घरात सापडला हे त्या टिंबावर ठरते. ‘जुन्या वाड्यातली विहीर’ म्हटले की वाडा जुना. ‘वाड्यातली जुनी विहीर’ म्हटले की विहीर जुनी, वाडा कदाचित परवा बांधलेला. ‘च’ तर वाक्यात जिथे बसेल तिथला अर्थ उचलून धरतो. ‘त्यानेच पैसे दिले’ यात देणारा ठरतो, ‘त्याने पैसेच दिले’ यात दिलेली वस्तू ठरते, आणि ‘त्याने पैसे दिलेच’ यात देण्याविषयीची शंका मिटते. साक्षीदाराचा जबाब लिहून घेताना हा ‘च’ सरकला, तर न बोललेले विधान त्या माणसाच्या नावावर चढते. हा त्याच्यावर अन्याय आहे, मग तो घाईने होवो की निष्काळजीपणाने.

नीतीच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न कर्त्याचा. ‘झाडे तोडण्यात आली’, ‘निधी वळवण्यात आला’, ‘चूक झाली’ ही तिन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत आणि तिन्हींत करणारा गायब आहे. ही रचना मुळात वाईट नाही. करणारा कोण हे माहीत नसेल किंवा सांगण्याची गरज नसेल, तिथे ती योग्यच असते. पण कार्यालयांच्या सूचनांत तिची इतकी सवय झाली आहे की वाचणाऱ्याला ती खटकतही नाही. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल, नागरिकांनी सहकार्य करावे.’ पाणी कोण बंद ठेवणार हे वाक्य सांगत नाही. सहकार्य कोणी करायचे ते मात्र विभक्तीसकट सांगते. अधिकार ज्याच्याकडे आहे तो वाक्याबाहेर राहतो आणि ज्याची गैरसोय होणार आहे त्याच्यावर कर्तव्य येते. तक्रार करायची तर कोणाकडे, याचे उत्तर अशा सूचनेत सापडत नाही.

‘विवाहितेचा छळ झाला’ या मथळ्याचेही तसेच. छळ आपोआप होत नाही. तो कोणीतरी करतो. आरोप सिद्ध झालेला नसताना सासरच्यांना दोषी ठरवणेही योग्य नाही, ही अडचण खरी आहे. पण मराठीत त्यासाठी वाक्य आहे: ‘सासरच्यांनी छळ केला, अशी तक्रार सुनेने दिली.’ यात कोणावर आरोप आहे ते कळते, आरोप कोणाचा ते कळते आणि निवाडा अजून व्हायचा आहे हेही कळते. चार शब्द जास्त लागतात, ते खर्चावेत.

व्याकरणाच्या या आग्रहात एक धोका आहे. प्रमाण मराठीचे नियम म्हणजेच व्याकरण, असे मानले की बाकीची मराठी अशुद्ध ठरते. कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो’ म्हणते, वऱ्हाडात ‘करून राहिलो’ म्हणतात. या रूपांना त्या-त्या बोलीचे पक्के नियम आहेत आणि तिथल्या माणसाला ती बिनचूक कळतात. त्यांना हसणे हा भाषेचा अभिमान नाही, माणसाचा अपमान आहे. अर्जात वेलांटी चुकलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे समजते: विहीर आटली, पंचनामा झाला नाही. त्या अर्जाला येणाऱ्या निर्दोष उत्तरात ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असे असते, आणि त्यातून काहीच समजत नाही. कोश, मुद्रितशोधक आणि पगारी वेळ ज्यांच्यापाशी आहे त्या कार्यालयांकडून, वृत्तपत्रांकडून आणि पाठ्यपुस्तकांकडून काटेकोरपणा आधी मागायला हवा. रानातून येऊन रात्री अर्ज लिहिणाऱ्याकडून नंतर.